माझ्या ब्रेकचा भरवसा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. जुन्या गाड्या फार कुरकुरतात, असे लोक म्हणतात. मला कुरकुरता आले असते तर बरे झाले असते. माझे दुखणे मुके आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

बदलापुरात मांजर्लीला उन्मेष साहेबांकडे माझी उमेदीची सारी वर्षे गेली. साहेब आनंदनगरच्या एका कारखान्यात अधिकारी. त्यांच्या आईला, माईंना, दवाखान्यात मीच नेत असे. साहेबांची मुलगी राजसी जन्मली तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून घरी आणले तेही मीच. दर रविवारी मला अंघोळ मिळे. "आमची लक्ष्मी आहे ही," असे साहेब पाहुण्यांना सांगत आणि मी सुखावून जाई.

मांजर्लीची एक रीत आहे. उल्हास नदी फुगली की माणसे सामान माळ्यावर टाकतात आणि गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. गेल्या आषाढात सगळ्या गाड्या निघाल्या, मी मात्र सुरूच झाले नाही. साहेबांनी स्टार्टर मारून मारून पाहिला, शेवटी चावी काढून ते जिना चढून गेले. पाणी माझ्या काचांपर्यंत आले. पूर ओसरल्यावर मला बाहेरून लख्ख धुतले, पण आत शिरलेली नदी काही निघाली नाही.

तेव्हापासून माझे ब्रेक कधी लागतात, तर कधी पेडल सरळ तळाला जाते. साहेबांच्या पत्नी अनुयाताई यांनी राजसीला माझ्यात बसवणे बंद केले. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या शंकर मिस्त्रीने मला खोलून नवे पार्ट घातले आणि हात पुसत तो म्हणाला, "साहेब, झूठ नाही बोलणार. पाणी पार आत गेलंय. आज चालेल, उद्या धोका देईल. भंगारात देऊन मोकळे व्हा."

साहेब तयारही झाले होते. पण माई म्हणाल्या, "पितृपक्षात लक्ष्मी दारातून काढू नये रे. दसरा होऊ दे." मी थांबले. तेवढ्या दिवसांत माझे ब्रेक एकदाही चुकले नाहीत. मग मला भंगारात टाकायला साहेबांचा जीव होईना. दसऱ्याला त्यांनी मला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि दुपारी गिऱ्हाईक बोलावले.

अंबरनाथचे सम्यक आणि त्यांची पत्नी प्रीती आले. प्रीतीताईंना शाळेच्या मुलांची ने-आण करायची होती. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण पत्र्यावर काटा कुठे दिसतो? सम्यक मला चौकापर्यंत फिरवून आले. ब्रेक दर वेळी जागच्या जागी लागला. दातदुखी दवाखान्याच्या पायरीवर थांबते ना, तसे झाले.

"गाडी मस्त आहे," सम्यक म्हणाले. "पण काही प्रॉब्लेम असेल तर आताच सांगा हं, साहेब. पोरं बसणार आहेत."

"पुराचं पाणी लागलं होतं. सगळं काम करून घेतलंय," असे म्हणून साहेबांनी चावी पुढे केली.

प्रीतीताई अनुयाताईंकडे वळल्या. "ताई, तुमची मुलगी बसते ना हिच्यात?"

अनुयाताईंचा हात माझ्या दारावर होता. त्यांनी साहेबांकडे पाहिले. मला वाटले, आता तरी बोलतील.

"बसते की," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा फार राग आला आणि कीवही आली.

मित्रांनो, गाडी थकली की खुशाल मोडीत काढा, आम्ही रुसणार नाही. पण विकायची असेल, तर तिचे दुखणे घेणाऱ्याच्या कानावर घाला. आज सकाळी प्रीतीताईंनी मुलांना एकेक करून आत घेतले आणि स्वतःच्या मुलीला शेजारी पुढे बसवले. मागे मुले पाढे म्हणत आहेत. शाळेच्या अलीकडे मोठा उतार लागतो. प्रीतीताईंनी आत्ताच ब्रेकवर पाय ठेवला आहे, आणि पेडल खाली खाली चालले आहे.