मोकळी हातोडी

मी तोंडाची फटकळ. आमच्या हट्टा गावात कुणालाही विचारा. सासूशी माझं पहिल्यापासून जमलं न्हाई, आणि शेवटची सहा वर्षं तर एका आवाजावरून रोज तोंडाला तोंड.

सासू म्हणजे नर्मदाबाई. मी तिला आत्या म्हणायची, आणि सासऱ्यांना, भुजंगरावांना, मामा. रस्त्याच्या कडेला आमचं लोहारकाम. मामा बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरायचे आणि दुसऱ्या हातातली लहान हातोडी त्यावर टेकवायचे. हातोडी पडली त्याच जागी आत्याचा घण पडायचा. हातोडी, घण, हातोडी, घण. पस्तीस वर्षं कामात बोलायची गरज पडली न्हाई. थांबायचं असलं की मामा नुसत्या ऐरणीवर एकदा हातोडी मारायचे. ती मोकळी हातोडी ऐकली की आत्या घण खाली ठेवायची आणि पाणी प्यायची.

मग मामांना कंपवात झाला. आधी हात थरथरला, नंतर पाय अडकायला लागले. उंबऱ्याशी आले की भुईला खिळल्यागत उभे. माझ्या नवऱ्यानं, रामप्रसादनं, ऐरण बाजूला सारून वेल्डिंगचं दुकान घातलं. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, चालायचा ठेका मेंदू आतल्या आत धरतो, ती जागाच आजारी पडली. पण कानातून गेलेला ठेका दुसऱ्या वाटेनं पायापर्यंत पोचतो, तवा टाळ्या वाजवा, मोजून चालवा. आत्या तिथंच हसली. तिनं हे चार महिन्यांआधीच शोधलं होतं. टाळ्या वाजवून झाल्या, ताट वाजवून झालं. पण मामांच्या कानाला लोखंडाचीच सवय. मग तिनं वखराची जुनी पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, सुतळीला बांधली. एका हातात ती लोंबती पास, दुसऱ्या हातात मामांची हातोडी. टण वाजलं की मामांचा पाय उचलायचा. आंघोळीला टण टण, जेवायला टण टण.

मला त्याचा भारी राग. माझं लेकरू नुकतं निजलेलं असायचं. मी म्हणायची, माणूस हाय का बैल, घंटेबिगर हलत न्हाई. एक दिवस भर दुपारी मी हातोडी पिठाच्या डब्यात लपवली. आत्या घरभर शोधत राहिली आणि मामा मोरीच्या दारात अडकून उभे. तिथंच धोतर ओलं झालं. त्यांनी खाली मान घातली. आत्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात पुढं केला आणि मी हातोडी दिली. त्या दिवसाची लाज अजून माझ्या पोटात हाय.

औंदा हळद शिजवायच्या दिवसांत आत्या गेली. सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच न्हाई.

मामा रडले न्हाईत. एवढंच म्हणाले, "तिला पोचवायला मी माझ्या पायानं जाईन."

चुलतसासरे बाबूसिंग काका म्हणाले, मोटारसायकलवर मधी बसवू, मागून एक जण धरील. मामांनी तोंड फिरवलं. तिरडी खांद्यावर चढली आणि मामा उंबऱ्यावर अडकले. रामप्रसादनं विस्तवाचं मडकं खाली ठेवलं, हातोडी घेतली, पास वाजवली. पण त्याला हुंदके आवरेनात. दोन ठोके जवळ पडले, तिसरा लांब. मामांचा पाय काही उचलला न्हाई. तिरडीचे खांदेकरी तसेच खोळंबले. कुणीतरी म्हणलं, राहू द्या आता, म्हाताऱ्याला घरीच बसवा.

मी रामप्रसादच्या हातातून हातोडी आणि पास काढून घेतली. काका म्हणाले, आपल्यात बायामाणसं मसणात जात न्हाईत. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं न्हाई, नुसती पास वाजवली. सहा वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या, त्याचा ठेका माझ्या हातात जसाच्या तसा निघाला. आत्याचाच. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि उंबरा ओलांडला.

मडकं घेऊन रामप्रसाद पुढं, त्याच्यामागं तिरडी, मग मामा, आणि त्यांच्या बाजूला मी. बाया दारात येऊन बघत होत्या. शाळेपाशी हळदीचा ट्रॅक्टर आडवा आला. त्या धडधडीत पास ऐकू येईना आणि मामा रस्त्याच्या मधोमध थिजले. मी जीव खाऊन ठोके मारले, बोट चेचलं. ट्रॅक्टरवाल्याला काय कळलं देव जाणे, त्यानं इंजिन बंद केलं आणि डोक्याची टोपी काढली. मामा पुन्हा चालायला लागले. ओढ्यापर्यंत मी एक ठोका चुकवला न्हाई. डोळे पुसायलाही हात रिकामा नव्हता.

रामप्रसादनं अग्नी दिला. जाळ चढला, लोक अंघोळीला ओढ्याकडं निघाले. मामांना न्यावं म्हणून मी पास वाजवायला लागले. मामा हलेनात. पुन्हा वाजवली, तरी तेच. अडकले वाटतं, उचला म्हणून काका पुढं झाले आणि त्यांनी मामांचा दंड धरला.

मामांनी हात सोडवून घेतला. "पाय अडकले न्हाईत. मीच थांबलोय."

काका मागं सरले. सहा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस आपल्या मर्जीनं उभा होता. मी पास छातीशी धरली, आवाज होऊ नये म्हणून.

बऱ्याच येळानं मामांनी माझ्यापुढं हात केला. मी हातोडी दिली. सरणापाशी एक दगड होता. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन वाकले. हात लटलट कापत होता, तरी त्यांनी त्या मोकळ्या दगडावर हातोडी मारली. एकदाच.

मला कळलं. मामांनी आत्याला घण खाली ठेवायला सांगितलं होतं. मग मात्र मला रडू आवरलं न्हाई.

मामांनी हातोडी परत माझ्या हातात दिली.

"वाजव आता, मोहिनी," ते म्हणाले. "घरी जाऊ."