उभ्या गाडीचे पैसे

"गाडी उभी करायचे पैसे? का? ती काय पाळण्यात बसणार आहे?"

मामंजींनी काच खाली करून विचारलं. पावती फाडणारा माणूस हसला. त्याच्या मागे ते अवाढव्य उद्यान पसरलं होतं. आकाशाला टेकलेलं पाळण्याचं चाक, कागदी वाटाव्यात इतक्या रंगीत मनोऱ्यांची रांग आणि कुठूनतरी येणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या. माझी दोन्ही मुलं मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून हे सगळं डोळ्यांनी खात होती.

"ती नाही बसणार, आजोबा. पण तुम्ही फिरून येईपर्यंत तिला सांभाळायला नको?"

"सांभाळायला ती काय रांगतेय? हँडब्रेक ओढला की जागची हलत नाही." मग माझ्या यजमानांकडे वळून म्हणाले, "घे रे मागे."

"बाबा, मागे गाड्यांची रांग लागलीय."

"त्यांनाही घ्यायला सांग मागे. त्यांचेही वाचतील."

मामंजी कंजूष नव्हते, हे आधी सांगते. घरात फळांची टोपली कधी रिकामी नसायची, पुस्तकं मागेल त्याला मिळायची. त्यांची अढी फक्त एका गोष्टीविषयी होती. चालत्या गाडीला पेट्रोल लागतं ते घालू, पण उभ्या गाडीला काय लागतं? तिचे पैसे मागणं म्हणजे झोपलेल्या माणसाकडे श्वासाचं भाडं मागण्यासारखं आहे, असं ते म्हणत. त्यापायी आम्ही किती चाललोय! लग्नाला जावं तर गाडी इतक्या लांब लावायची, की आम्ही पोहोचेपर्यंत खुर्च्या गोळा होत असत. माझा मोठा मुलगा झाला तेव्हा इस्पितळातून मला घरी न्यायला आले, ते गाडी दोन चौक पलीकडे लावून. "बाळाला तेवढीच मोकळी हवा," म्हणाले. सासूबाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला होता, तो बाळाच्या बारशापर्यंत टिकला.

पण त्या दिवशी गाडीत सासूबाई होत्या आणि त्यांचे गुडघे होते. उद्यानात यायचा हट्टही त्यांचाच. त्यांचं सगळं आयुष्य सपाट मुलखात गेलं. पाणी त्यांनी विहिरीत, नळाला, बादलीत बघितलेलं. या उद्यानात डोंगराएवढा धबधबा केलाय, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. "उंचावरून पडणारं पाणी मला एकदा बघायचंय. पाय चालताहेत तोवर दाखवा, नंतर मला खुर्चीत घालून नेऊ नका." त्या काही मागत नसत, म्हणून यजमानांनी आठवड्याच्या आत सगळ्यांची तिकिटं आणून ठेवली.

"मागच्या भिंतीला एक दार आहे," मामंजी म्हणाले. "पाया खणत होते तेव्हा खड्ड्यांतलं पाणी उपसायला मी पंप घेऊन आलो होतो. कामगार तिथूनच आत जायचे. तिकीट दाखवू आणि जाऊ. अगदी धबधब्याशीच निघू."

"बाबा, त्याला किती वर्षं झाली!"

"दार काय म्हातारं होऊन मरतं?"

उद्यानाच्या मागे एक रोपवाटिका होती. तिच्या मालकाला विचारून मामंजींनी गाडी झाडाखाली लावून घेतली. त्याला पैसे विचारले नाहीत आणि त्यानेही मागितले नाहीत. मामंजींचा चेहरा असा फुलला, की जणू ती जमीन त्यांच्या नावावर झाली.

मग आम्ही भिंतीच्या कडेने चालू लागलो. सावली नव्हती. मुलं पुढे पळत होती, मागे येत होती. सासूबाई माझा दंड धरून चालत होत्या. त्यांची बोटं दर थोड्या वेळाने घट्ट व्हायची, त्यावरून मला त्यांचा गुडघा कळायचा.

दार होतं. म्हणजे दाराची जागा होती. भिंतीच्या जुनाट विटांमध्ये बरोबर दाराच्या आकाराच्या वेगळ्या विटा बसवलेल्या होत्या. मामंजी त्या विटांसमोर उभे राहिले. हात लावून बघितला. धाकटा म्हणाला, "आजोबा, दार मेलं का?"

सासूबाई तिथेच एका दगडावर बसल्या.

"तुम्ही जा पुढे. मी बसते इथे."

"आई, परत गाडीपाशी जाऊ," यजमान म्हणाले. "पुढच्या दाराशी सोडतो तुला."

"आणि आत काय उडत जाऊ? आतही चालायचंच आहे ना? संपले रे गुडघे. मुलांना ने तू. त्यांचा विरस नको." मग भिंतीकडे मान करून म्हणाल्या, "ऐकू येतोय की धबधबा. पुष्कळ झालं."

खरंच येत होता. भिंतीपलीकडून एक अखंड गाज येत होती. यजमान वडिलांकडे न बघता मुलांना घेऊन निघाले. मी मागे राहिले. मामंजी बायकोकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. उभ्या गाडीवरून घातलेल्या प्रत्येक वादात ते जिंकलेले होते. हा वाद तर कोणी घातलाच नव्हता.

"हा आवाज पाण्याचा नाही," ते एकदम म्हणाले.

"मग कसला?" मी विचारलं.

"पंपाचा. पाणी त्याच्या पलीकडे आहे."

ते भिंतीला कान देत पुढे गेले. थोड्या अंतरावर एक लोखंडी दार होतं, आतल्या दमटपणामुळे अर्धवट उघडं ठेवलेलं. आत पंपवाला खुर्चीवर बसून डबा खात होता. मामंजी त्याच्याशी काय बोलले ते मला आवाजात ऐकू आलं नाही, पण त्याने डबा बाजूला ठेवला, खुर्ची उचलली आणि ती घेऊन तो स्वतः बाहेर आला.

"मावशी, उन्हात कशाला बसता? आत या. गोंगाट आहे, पण गार आहे."

"खरंच आले तर चालेल तुमच्या साहेबांना?"

"तिकीट आहे ना? मग तुम्ही उद्यानातच आहात. फक्त मागून आलात."

सासूबाई माझ्या आणि त्याच्या आधाराने आत आल्या. आणि उंबऱ्यातच थांबल्या.

त्या खोलीला चौथी भिंत नव्हती. तिथे पाणी होतं. आम्ही धबधब्याच्या पाठीमागे उभे होतो. वरून कुठून यायचं ते दिसत नव्हतं, खाली कुठे जायचं तेही नाही; नुसतं डोळ्यांसमोरून पडत होतं, पांढरं, जाड, न संपणारं. ऊन पलीकडून त्याच्यात शिरायचं आणि सगळं पाणी आतून पेटल्यासारखं व्हायचं. त्याच्या पलीकडे रंगांचे ठिपके हलत होते. ती माणसं होती. ती समोरून बघत होती आणि आम्ही मागून. आज इतकी वर्षं झाली, नंतर मी खरे धबधबेही पाहिले, पण तसं काही पुन्हा दिसलं नाही.

मामंजींनी खुर्ची परत आत आणली आणि सासूबाईंना तीत बसवलं. त्यांच्या चष्म्यावर तुषार बसले होते. त्यांनी तो पुसला नाही, काढून मांडीवर ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी बघत राहिल्या.

"बाई गं," एवढंच म्हणाल्या. लहान मुलीसारखं.

थोड्या वेळाने पंपवाला म्हणाला, "मावशी, आता थोडा वेळ बंद करतो हं. हा पंप तापलाय, याला विश्रांती. दुसरा चालू करायचा."

"बंद? धबधबा बंद करता?"

त्याने बटण दाबलं. गाज उतरत गेली. पाण्याचा पडदा आधी विरळ झाला, मग त्याच्या चिंध्या झाल्या, मग दोऱ्या, मग थेंब. डोंगर उघडा पडला. तो पोकळ होता. आतून नुसत्या सळया आणि ओबडधोबड सिमेंट. समोर तळ्याच्या काठावर माणसं स्वच्छ दिसू लागली, हातात आइस्क्रीम धरून थबकलेली. त्यांत यजमान होते आणि माझी दोन मुलं. आम्ही हात हलवले, पण त्यांना अंधारातलं काही दिसलं नसावं.

मला वाटलं, सासूबाईंचा हिरमोड होणार. त्या वळून त्या बसक्या, हिरव्या, तेलकट यंत्राकडे बघत होत्या.

"म्हणजे ते सगळं पाणी हा वर नेतो?"

"हाच," मामंजी म्हणाले.

"एवढासा?"

"एवढा पुरतो."

"तुम्ही हेच करत होता? इतकी वर्षं?"

"मी कुठला धबधबा... आपलं टाक्या, तळघरं, गिरणीचं पाणी."

"पण पाणी वरच न्यायचं ना? खालचं वर?"

"हो. ते तर तेच."

सासूबाई बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर मामंजींचे ग्रीसचे कपडे वेगळे भिजवले, साबण दोनदा लावला, जेवण गरम केलं, पुन्हा गरम केलं. "एक बटण दाबायचं आणि घरी यायचं, त्याला रात्र कशी होते?" हे भांडण मी सून म्हणून आले तेव्हाही जुनंच होतं. मामंजींनी त्यावर कधी उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

"काका, हे तर तुमच्याच हातचं काम दिसतंय," पंपवाला दुसऱ्या पंपावर थाप मारत म्हणाला. "तुम्हीच करा चालू."

"छे छे. तुझं काम आहे."

"अहो, मावशींना दाखवा तरी."

मामंजींनी बाह्या वर सारल्या. बटण दाबलं. पंप घुमला, पण पाणी आलं नाही. मग त्यांनी नळावरचं मोठं लोखंडी चाक धरलं आणि फिरवायला घेतलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तसं. वर काहीतरी ओलं चमकलं. एक दोरी खाली आली. मग दुसरी. पलीकडच्या काठावरून पोरांचा ओरडा उठला. मामंजींनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी चाक सोडलं, पंपाच्या अंगावर तळवा टेकला आणि डोळे मिटल्यासारखे करून उभे राहिले.

"झालं ना चालू? आता कशाला थांबलात?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं पाणी वर पोहोचून धार बसेपर्यंत हात काढायचा नसतो. मधेच पंपाने हवा धरली तर आधी हाताला कळतं."

"किती वेळ?"

"इथे थोडाच. उंच इमारतीला खूप वेळ लागतो. टाकी मोठी असली तर रात्र होते."

गाज पुन्हा वाढली, त्यामुळे त्या पुढे काही बोलल्या का, ते मला कळलं नाही. समोर पडदा जाड होत गेला, मुलं ठिपके झाली, खोलीत तो पांढरा उजेड परत भरला. सासूबाई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. मी पुढे झाले, तर त्यांनी मला मानेने नको म्हटलं. त्या गुडघ्यांनी ते अंतर त्या एकट्या चालल्या. पंपाशी गेल्या आणि मामंजींच्या हाताशेजारी त्यांनी आपला तळवा त्या तेलकट लोखंडावर ठेवला.

मामंजी जरा सरकले आणि त्यांना जागा करून दिली.

धार केव्हाच बसली होती. पंपवाल्याने डबा उघडून पुन्हा जेवायला सुरुवात केली होती. दोघांपैकी कोणीही हात काढला नाही.