सरळ रस्त्याची गाडी

दसऱ्याची पूजा आटोपली, बॉनेटवर झेंडूची माळ चढली आणि इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सचे निवृत्त सर्जन ज्ञानेश्वर आपल्या पंचावन्न वर्षं जुन्या अमेरिकन गाडीत ऐटीत बसले. माळ मात्र त्यांनी एकाच हाताने चढवली होती. श्यामलाबाईंनी ते पाहिलं आणि मुकाट्याने नवऱ्याशेजारी बसल्या.

"ज्ञाना, म्हैस जपून ने!" त्यांचा मित्र गिरीश आपल्या दोन सीटच्या बुटक्या स्पोर्ट्स कारमधून ओरडला. "वळायचं म्हटलं की बसते ती!"

"तुझं खेळणं वळणांसाठीच केलंय, हलकंफुलकं. ही मसल कार आहे! साध्या फॅमिली कारमध्ये हे भलंमोठं इंजिन कोंबलंय. सरळ रस्त्यावर ये, मग दाखवतो."

पण या गावात सरळ रस्ता होता कुठे? जरा पुढे जावं तर राउंडअबाउट, मधल्या गोलाला वळसा घालायचा, आणि या गाडीचं स्टिअरिंग असं जड की दोन्ही हातांनी ओढावं लागे. श्यामलाबाईंचा जीव टांगणीला लागला. गणपतीत आरतीला यांनी टाळ्या वाजवणं सोडलं होतं. विचारलं तर म्हणाले, "मान आखडलीय, म्हणून हात उचलत नाही. डॉक्टर मी आहे की तू?" चाळीस वर्षं त्या या वाक्यापुढे गप्प बसत आल्या होत्या. तेव्हाही बसल्या.

दोन राउंडअबाउट कसेबसे पार पडले. तिसऱ्याला ज्ञानेश्वरांचा डावा हात स्टिअरिंगवरून निसटून मांडीवर पडला. गाडी वळलीच नाही. सरळ मधल्या गवतावर चढून बंद पडली. नशीब, कुणाला लागलं नाही.

मागून गिरीश धावत आला. तोही डॉक्टरच. "सांगत होतो ना, ही गाडी वळत नाही म्हणून!"

"हो रे, स्टिअरिंग फार हेवी आहे," ज्ञानेश्वर घाईने म्हणाले.

"गाडीचं काही नाही, भाऊजी," श्यामलाबाईंचा आवाज चढला. "यांचा हात बघा. गणपतीपासून धड चालत नाहीये."

गिरीशने मित्राला दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा हळूहळू खाली आला. गिरीशचा चेहरा उतरला.

"महिना झाला, वहिनी! तेव्हाच का नाही बोललात?"

श्यामलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांनी मिळून ज्ञानेश्वरांना बुटक्या गाडीत बसवलं, डावा पाय त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने उचलून आत ठेवला. हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं.

ज्ञानेश्वरांनी खालून वर पाहिलं. "श्यामला, तुला काय वाटतं गं? काय झालं असेल मला?"

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. श्यामलाबाई शब्द शोधत राहिल्या, तोवर गिरीशने गाडी सुरू केली. त्या गाडीत तिसरी सीट नव्हती.