गव्हाचं सत्त्व

लंकाबाईंना ते पुरळ डोळ्यांआधी हातांना कळलं. रविवारची सकाळ होती. सात वर्षांच्या नातीला, आरोहीला, पाटावर बसवून त्या तिच्या अंगाला तेल चोळत होत्या. कोपरांच्या मागे बारीक बारीक, पाण्यानं भरलेले फोड होते, खाजवून खाजवून काहींची साल गेलेली. गुडघ्यांवरही तसेच. उजवीकडे जसे, तसेच डावीकडे. लंकाबाईंचा हात तिथंच थांबला.

"आजी, थांबू नको ना. खाज येते."

"कधीपासून हाय हे?"

"लय दिवस झाले," आरोही मुद्दाम आजीच्या भाषेत म्हणाली आणि हसली.

हसली की तिचे दात मोठे दिसत, कारण गाल उरलेच नव्हते. पोट मात्र फुगलेलं. वर्गात सगळ्यांत बुटकी. सून तेजस्विनी म्हणायची, आमच्या माहेरची चणच लहान. डॉक्टर जंताचं औषध देत, टॉनिक देत, आणि दिवस जात होते.

लंकाबाईंनी पोरीच्या अंगावर घाईनं दोन तांबे ओतले, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेर पेपर वाचत बसलेल्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अमोल, उद्याच्या उद्या हिला कातडीच्या डॉक्टरकडं न्यायचं."

"आई, घामोळ्या असतील."

"नाय. सरूला असंच होतं."

अमोलनं पेपर खाली ठेवला. आडगाव नाक्याजवळच्या त्या घरात सरिताचं नाव तेरा वर्षांत फारसं कुणी घेतलं नव्हतं. फोटो भिंतीवर होता, वर्षाला श्राद्ध होई, पण नाव निघालं की लंकाबाईंचे यजमान खंडेराव उठून बाहेर जात, म्हणून हळूहळू सगळ्यांनीच ते टाळायला सुरुवात केली होती. आताही ते उठले आणि अंगणात जाऊन चालू नसलेला नळ घट्ट करत बसले.

सरिता त्यांची थोरली लेक. खंडेराव ओझरच्या कारखान्यात लागले त्याच वर्षी झालेली, म्हणून पायगुणाची. बाविसाव्या वर्षी तिला विंचूरला दिली, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. जावई सोमा माणूस वाईट नव्हता. पण चार वर्षांत दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. सरिता वाळत गेली. तोंड सारखं आलेलं, केस मूठमूठ जात, कोपरांवर पुरळ. "तब्येत सुधारली की न्यायला येतो," असं सांगून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली, आणि न्यायला कुणी आलं नाही. आला तो वकिलाचा कागद.

खंडेरावांनी तिला स्कूटरवर बसवून शहरातला एक डॉक्टर सोडला नाही. एकानं क्षयाच्या गोळ्या दिल्या, नऊ महिने. एक म्हणाला, रक्त कमी आहे. एक म्हणाला, मनाचं आहे, संसार मोडला की होतं असं. डॉक्टर गाठायचं काम खंडेरावांचं, आणि खाणंपिणं लंकाबाईंचं. त्यांना जे सर्वांत पौष्टिक माहीत होतं ते त्या करत. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळून खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व काढायचं. तुपात परतून, गूळ घालून वाटीभर, रोज सकाळी अनशापोटी. पुरळावर कडुनिंबाचं पाणी, आणि अंघोळीला साबण नको म्हणून गव्हाचा कोंडा दुधात भिजवून. पोरीला ते खाऊन मळमळायचं. "चार दिवस नेटानं खा गं," लंकाबाई म्हणायच्या, "अंगाला लागंल."

ते अंगाला लागलं नाही. जानेवारीच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी सरिता गेली.

कातडीच्या डॉक्टरांनी आरोहीचे फोड पाहिले आणि पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं. रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. पंधरा दिवसांनी सगळे त्या डॉक्टरबाईंच्या समोर बसले होते. लंकाबाई हट्टानं आल्या होत्या.

"याला सिलिॲक म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. तिशी-पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या. "गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट भाग असतो. तो हिच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजतं, मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, पाव, सगळं बंद. कणभरसुद्धा नाही. कायमचं."

"पोळीच नाही म्हटल्यावर पोर खाणार काय?" तेजस्विनीला रडू आवरेना.

"तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली, मका, वरई. आपल्याकडे काय कमी आहे?" डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही," अमोल म्हणाला.

"होता," लंकाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. पुरळ, तोंड, केस, दोन पोटची गेलेली, क्षयाच्या गोळ्या. सगळं क्रमानं सांगितलं, जणू कुणीतरी विचारावं म्हणून तेरा वर्षं पाठ करून ठेवलेलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आता खात्रीनं नाही सांगता येणार, आजी. तपासणी झालेली नाही. पण तेच असू शकेल."

"मी तिला रोज गव्हाचं सत्त्व द्यायची."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. लंकाबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "भाकरीचा तवा येगळा लागंल का?"

वेगळा तवा आला, वेगळी परात आली. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, त्याचं पीठ आपल्या पिठात येणारच, म्हणून खंडेरावांनी जाऊन घरघंटी आणली. वर्षाचे गहू नुकतेच भरले होते, तेही शेजारीपाजारी वाटून टाकले. कोठ्या लंकाबाईंनी तीनदा धुतल्या, उन्हात उलट्या घातल्या, परत धुतल्या. नागलीची आंबोळी, ज्वारीची धिरडी, वरईचे लाडू; सत्तरीच्या जवळ आलेली बाई नव्याने स्वयंपाक शिकत होती. ओठांना, हातांना लावायच्या क्रीममध्येही गहू असतो आणि तो पोरांच्या पोटात जातो असं तेजस्विनीनं कुठंतरी वाचलं. तेव्हा कपाटातल्या बाटल्या गेल्या आणि सासू-सुनेनं मिळून मसूर डाळ, आंबेहळद आणि संत्र्याची वाळवलेली साल दळून उटणं केलं. तूप आणि मेण वितळवून ओठांचं मलम केलं.

आरोहीला हे सगळं पटलं असं नव्हे. वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी केक खाल्ला आणि ती डब्यातला राजगिऱ्याचा लाडू घेऊन कोपऱ्यात बसली. घरी आल्यावर तिनं तो लाडू आजीच्या अंगावर फेकला. लंकाबाईंनी जमिनीवरचा चुरा गोळा केला.

पाच महिन्यांनी परत रक्त तपासलं. रक्तातला रोगाचा आकडा उतरायला हवा होता तेवढा उतरला नव्हता. "कुठून तरी गहू जातोय पोटात," डॉक्टर म्हणाल्या. घरी येताच तेजस्विनीनं फळीवरचा एकेक डबा खाली काढला आणि बारीक अक्षरं वाचायला बसली. मसाले, पापड, सॉस. मग तिनं हिंगाची डबी उजेडाकडे धरली.

"आई. यात मैदा आहे."

"हिंगात?"

"हिंग, डिंक आणि मैदा. इथं छापलंय बघा." तिचा आवाज चढला. "रोज वरणाला घालत होतात ना तुम्ही? रोज!"

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. पण लंकाबाई रागावल्या नाहीत. त्या ओट्याला टेकून हळूहळू खाली बसल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून.

"माझ्याच हातून," त्या म्हणाल्या. "परत माझ्याच हातून."

"आई, मी असं म्हणाले नाही. मीच तर आणली होती ती डबी. चला, उठा बरं."

"तुला ठाव नाय. सरू भाकरी मागायची."

तेजस्विनी शेजारी बसली.

"म्हणायची, आई, पोळी नको, बाजरीची टाक, ती बरी वाटते. मला वाटायचं, टाकून दिलेली पोर, आपल्याला माहेरी भार नको व्हायला म्हणून हलकं मागते. आमच्या लहानपणी पोळी सणालाच दिसायची. आजारी माणसाला पोळी. पावण्याला पोळी. मी काय माझ्या लेकीला भाकर खायला घालू? मी तिला रागवायची. गरम पोळीवर तूप सोडून समोर बसायची, संपेपर्यंत उठू द्यायची नाय."

तेजस्विनीनं त्यांचा हात धरला. सांगण्यासारखं तिच्याकडे एकच होतं, "तुम्हाला कुठं माहीत होतं," आणि ते तिनं सांगितलं. लंकाबाईंनी मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनानं एकच घेतलं. विंचूरला जायचं. सरूच्या शरीरातच खोट आहे, असं गावभर सांगितलं होतं त्या लोकांनी. तिच्या आजाराला नाव होतं, हे तिथं जाऊन सांगायचं.

पुढच्याच आठवड्यात त्या एकट्या येवल्याच्या गाडीत बसल्या. खंडेरावांना फक्त एवढं म्हणाल्या, "विंचूरला जाऊन येते." खंडेरावांनी रिक्षापर्यंत सोबत केली.

सोमाचं घर आता दुमजली झालं होतं. तो कांद्याच्या लिलावाला गेला होता. दार त्याच्या बायकोनं, मनीषानं उघडलं. तिनं ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर क्षणभर गोंधळली, मग वाकून पाया पडली आणि पाणी आणायला गेली. विहीणबाई भागाबाई पडवीत खाटेवर बसलेल्या होत्या. एका अंगावरून वारं गेलेलं, पण डोळे तेच.

"कोण? लंकाबाई?" त्या म्हणाल्या. "या. बसा."

लंकाबाई गाडीत वाटभर जे जुळवत आल्या होत्या ते बोलल्या. नातीचं, डॉक्टरांचं, गव्हाचं. "माझ्या सरूत खोट नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला रोग होता. त्याच्यापायीच दोन्ही येळा पोट पडलं आसंल. एवढंच सांगाया आले."

भागाबाईंची नजर अंगणापलीकडच्या खळ्याकडे गेली.

"ती बायांची भाकर खायची," मग त्या म्हणाल्या.

"कोणत्या बायांची?"

"कांदे निवडाया याच्या ना बाया खळ्यात, त्यांची. आपली पोळी त्यांना द्यायची आन त्यांच्या फडक्यातली भाकर घ्यायची. दोन-तीन महिने चाललं आसंल. तब्येत बी जरा भरली होती तवा. मग मला कळलं. मी लय बोलले. म्हणलं, व्यापाऱ्याच्या घरची सून मजुराची भाकर मागून खाती, लोक काय म्हणतील, हिला घरात जेवाया देत नाय म्हणतील. बायांना बी दम दिला. तिथून फुडं तिला माझ्या पुढ्यात बसवूनच जेवाया घालायची. दोन पोळ्या. मोजून." त्यांचा धड हात खाटेच्या काठावर घट्ट आवळला होता. "मी वाईटासाठी नाय केलं, लंकाबाई."

लंकाबाई घरून निघताना या बाईला आणखी काय काय ऐकवायचं, ते ठरवून आल्या होत्या. त्यातला एकही शब्द त्यांना बाहेर काढता येईना. पुढ्यात बसवून जेवायला घालणारी बाई कशी असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मनीषानं चहा आणला. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून तो प्याल्या. निघताना भागाबाईंनी विचारलं, "नात कशी हाय आता?"

"सुधारंल," लंकाबाई म्हणाल्या.

आणि ती सुधारली. बिनमैद्याचा खडा हिंग कुटून वापरायला लागल्यावर तीन महिन्यांत आकडा झरझर खाली आला. कोपरं स्वच्छ झाली, तिथं फिकट डाग तेवढे राहिले. गालांवर मांस आलं. वर्षभरानं डॉक्टरांच्या काट्यावर ती उभी राहिली तेव्हा सोळाची एकवीस किलो झाली होती आणि उंची पाच बोटं वाढली होती. अमोलनं फोनवर फोटो काढला. तेजस्विनीनं पेढे आणले होते, डॉक्टरांना दिले. खंडेरावसुद्धा त्या दिवशी आले होते. त्यांनी काट्यावरचा आकडा चष्मा पुसून दोनदा वाचला.

लंकाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. सगळ्यांचं बोलणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, औषध कोणतं दिलं व्हतं तुम्ही हिला?"

"औषध असं काही नाही, आजी. लोहाच्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, थोडे दिवस. बाकी फक्त गहू बंद केला."

"एवढंच?"

डॉक्टरांना तो प्रश्न कळला. त्यांनी खुर्ची लंकाबाईंकडे वळवली.

"हो, आजी. एवढंच."

लंकाबाईंनी मान डोलावली. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. आतून आरोहीचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं खंडेराव आले, गुडघ्यावर हात देत त्याच पायरीवर बसले.

"सरूला बी एवढंच लागलं आसतं," ते म्हणाले, आणि तिचं नाव निघाल्यावर चौदा वर्षांत पहिल्यांदा ते उठून गेले नाहीत.