जिनूला हाक

जिनू रडायला लागला की राजमती किती का थोपटेना, सगळं व्यर्थ. पलीकडच्या खोलीतून थोरली जाऊ ब्राह्मी नुसतं "जिनू, ये रं माज्या राजा" म्हणाली, की पोर आईच्या मांडीवरनं उतरून तिकडं रांगत सुटायचं. जन्म आपण दिला, आणि ओढ हिच्या गळ्याची. तंबाखूच्या वखारीतून जाताना नाक झोंबावं, तसं राजमतीचं काळीज झोंबत राही.

त्याच गळ्याला गाठ आली. लिंबाएवढीची पेरूएवढी झाली, उताणं झोपलं की ब्राह्मीला श्वास पुरेना. शेवटी निपाणीहून तिला बेळगावच्या इस्पितळात आणलं. गोऱ्या डॉक्टरनं मोडक्या मराठीत समजावलं. क्लोरोफॉर्म दिला तर या गाठीखाली श्वास कोंडेल. त्यापेक्षा मानेत सुया टोचून तेवढीच जागा बधिर करू. बाई जागी राहील, बोलती राहील. आवाजाची नस गाठीला चिकटून असते. तिला धक्का लागला तर बोलण्यावरनं तिथंच कळेल.

"आन् नस तुटली तर?" राजमतीनं विचारलं.

"आवाज घोगरा. कायमचा."

जीव वाचू दे, गाठ जाऊ दे, राजमतीच्या मनात आलं, पण आवाज तेवढा गेला तर... ती स्वतःशीच दचकली. तरी तो विचार काही लांब गेला नाही.

"माज्या उशाशी राजी असंल तरच," ब्राह्मी हटून बसली. म्हणून राजमतीला आत घेतलं, मानेवर आडव्या लावलेल्या पडद्याच्या अलीकडं, उशाशी. सुया टोचून झाल्या. थोड्या वेळानं डॉक्टरनं चिमटा काढून पाहिला.

"दुखतं?"

"न्हाय वो. कुणा दुसरीचीच मान हाय जणू."

गाठ सोडवता सोडवता डॉक्टर म्हणाला, "बाई, आता बोला. नवऱ्याचं नाव सांगा."

ब्राह्मी गप्प.

"नाव सांगा."

ओठ आणखी घट्ट. परक्या पुरुषासमोर, आणि तेही धन्याचं नाव! मान हलवायची नाही असं बजावलेलं, त्यामुळं नकारही देता येईना.

डॉक्टरचा हात थांबला. "आवाज गेला," तो नर्सला म्हणाला. "अर्धी गाठ ठेवून टाके घालू."

अर्धी गाठ म्हणजे पुन्हा तोच कोंडणारा श्वास. लाजेनं मिटलेल्या या तोंडातून हमखास निघेल असं एकच नाव राजमतीला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिला ऐकायचं नव्हतं.

"साहेब, थांबा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत," ती म्हणाली. मग जावेच्या कानाशी वाकली. "आक्का, जिनूला हाक मारा."

"जिनू, ये रं माज्या राजा."

आवाज जसाच्या तसा. डॉक्टरनं सुस्कारा सोडला. "हेच म्हणत राहा."

बाहेर व्हरांड्यात पोर बापाच्या, भुजबलीच्या, कडेवर होतं. हाक ऐकून ते आधी खिदळलं, मग रडायला लागलं.

"गप रं, तुजी आई बी आतच हाय," भुजबली समजावत होता. आईसाठी थोडंच रडत होतं ते.

"ऐकलंस? मला बोलावतंय," ब्राह्मी पुटपुटली.

"ऐकलं की." आणखी एक हाक हवी म्हणून डॉक्टरनं नजर वर केली. राजमतीनं जावेच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"थांबू नका, आक्का. म्हणा पुन्हा."