मंजुरीआधीचं पान

ह्यांच्या ब्लॉगवर एक दिवस पिवळी पट्टी दिसू लागली: महिनाअखेर ही सेवा बंद होईल. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आता ब्लॉगही जाणार होता.

इथे लखनौच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर हे इथल्या झाडांवर मराठीत लिहायचे. वाचणार कोण, डोंबल? असं मी म्हणायचे. पण वाचायचे लोक.

गुडगावच्या लेकीला, नेत्राला, फोन केला. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आमचं असंच चालतं. प्रत्येक पानाचा वरपासून खालपर्यंत एकच अख्खा स्क्रीनशॉट घे म्हणाली. मी घाई केली. झाडांच्या जागी नुसते राखाडी चौकोन आले.

"मम्मी, पहले धीरे-धीरे नीचे तक जाओ. फोटो लोड होने दो, फिर लो."

मग रोज दुपारी तेवढंच काम. शेवटी आमच्या इंदिरा नगरच्या घराच्या फाटकातल्या बकुळीवरच्या लेखाचं पान आलं. त्यात ह्यांनी लिहिलंय, ही बकुळ मी लावली. साफ खोटं! तेव्हाही चहा देताना मी सुनावलं होतं. हसले, पण दुरुस्त केलं नाही. खाली प्रतिक्रिया मात्र मी कधी लिहिली नाही. एका घरात राहून प्रतिक्रिया कसली लिहायची?

आता घरात मराठीतून भांडायलाही कुणी नाही. मला फार एकटं वाटतं. निदान ह्या एका पानावर तरी आपण असावं, असं वाटलं. फोटो घेण्याआधी मी लिहिलं, 'अहो, बकुळ मी लावली. चिनहटच्या नर्सरीतून रिक्षात मांडीवर घेऊन आले होते. तुम्ही तेव्हा दिल्लीला होतात.' नाव घातलं, लता. बटण दाबलं.

माझ्या मजकुराखाली बारीक अक्षरं उमटली: लेखकाने मंजुरी दिल्यावर ही प्रतिक्रिया सर्वांना दिसेल.

नेत्राला पुन्हा फोन लावला. ती ओळ वाचून दाखवली, मंजुरी कुठून द्यायची ते विचारलं.

"पासवर्ड तो पापा के पास ही था, मम्मी."

दिली असती त्यांनी मंजुरी. आधी हसले असते, मग दिली असती. मी पान सावकाश खालपर्यंत नेलं आणि त्या ओळीसकट फोटो घेतला.