बाबांच्या सत्तरीचं जेवण

माझी थोरली बहीण सूयिनताई १९९० सालच्या नोव्हेंबरात घरी आली ती आपली मुलगी आमच्या पदरात घालायला. आई वारली तेव्हा आठ दिवस येऊन गेली होती, त्यानंतर चौदा वर्षांनी.

ती ईशान्येकडच्या हेलोंगजियांगमध्ये सरकारी शेतावर होती. एकोणसत्तर साली सरकारच्या हुकमानं प्रत्येक घरातून एकाला तरी खेड्यात राबायला पाठवावं लागायचं. चोंगदेदादा आणि ती दोघंही वयात बसत होती. गेली ती. तेव्हा ती अठरा वर्षांची, दादा सतरा, मी चौदा. ती गेल्यामुळे दादाला घड्याळाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पुढे मलाही कुणी खेड्यात धाडलं नाही. दहा वर्षांनी बाकीची पोरं परत येऊ लागली, पण तिनं तिथल्याच एका ट्रॅक्टरवाल्याशी लग्न केलं होतं. लग्न झालेल्यांना परत येता येत नव्हतं.

मग नवा नियम निघाला. अशा लोकांच्या एका मुलाचं नाव सोळाव्या वर्षी शांघायच्या रहिवासी पुस्तकात लावता येईल. अट एवढीच की शहरातल्या कुणा नातेवाइकानं ‘मी हिला सांभाळीन’ म्हणून सही करायची आणि आपल्या पुस्तकात जागा द्यायची. सूयिनताईच्या मुलीला ऑगस्टमध्ये सोळावं संपलं. तिचं नाव ईहू. त्याचा अर्थच ‘शांघायची आठवण’.

सासरी आम्ही सातजण एका खोलीत राहत होतो. तिथे आणखी एक नाव लावा म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणजे उरलं बाबांचं घर. बाबांची गल्लीतली एक खोली आणि वरचा पोटमाळा. पोटमाळ्यावर दादा आणि मियावचुनवहिनी. गल्ली पाडणार अशी कुणकुण होती. पाडली की पुस्तकात जेवढी नावं, तेवढी जागा मिळणार.

ताई यायच्या आदल्या आठवड्यात दादा माझ्याकडे आला. मला गच्चीवर नेऊन म्हणाला, “रुईफेन, एक नाव बसेल एवढीच सोय आहे. बाबांशी बोललोय. तिच्या पोरीचं लावायचं की तुझ्या लेकाचं, ते तू सांग.”

माझा लेक आठ वर्षांचा होता. झोपायला त्याला जेवणाचं टेबल होतं.

“ताईला काय सांगणार?” मी विचारलं.

“ते मी बघतो. तू फक्त तोंड उघडू नकोस.”

मी उघडलं नाही.

बाबांची सत्तरी त्याच आठवड्यात आली. दादानं ठरवलं की दुपारचं जेवण बाहेर करायचं, मंदिरामागच्या त्या जुन्या बाओवाल्याकडे. मोदकासारख्या वाफवलेल्या, आत मांस आणि रस्सा भरलेल्या बाओंसाठी सगळं शहर तिथे लोटतं. ताईला तो बाओ लहानपणापासून जिवापाड आवडायचा. दादानं हे सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी तिकडे थंडीत पडल्या पडल्या ईहूला सांगायचे गं,” ती मला म्हणाली, “पारी किती पातळ असते, कळ्या किती असतात, रस्सा कसा हलतो आतमध्ये. ऐकून ऐकून ती झोपायची.”

तेव्हा ताई एकोणचाळीसची होती. दिसायला पन्नाशीची. गाल उन्हावाऱ्यानं फुटलेले, बोटांची पेरं सुजलेली. ईहू मात्र उंच, ताठ पोर होती. ताईनं हिवाळाभर विणलेला पिवळा स्वेटर तिनं घातला होता.

तिथे खुर्ची मिळवायची म्हणजे जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि त्यानं काड्या खाली ठेवायची वाट बघायची. आम्ही पाऊण तास उभे होतो. बसलो, तर लगेच आमच्या पाठीशी दुसरे येऊन उभे राहिले. ताईच्या खुर्चीमागे एक जाडी बाई होती, तिची पिशवी ताईच्या मानेला लागत होती.

करंड्या आल्या. खेकड्याचा हंगाम, त्यामुळे कळ्यांच्या टोकाशी केशरी तेल सुटलेलं. आल्याचे केसासारखे बारीक काप, काळं व्हिनेगर. ताईनं करंडीवरच्या वाफेत तोंड धरलं आणि डोळे मिटले.

मियावचुनवहिनी आमच्या बोलीत म्हणाली, “बघा बघा, म्हशीनं हौदात तोंड घातलंय.”

दादा हसला. ईहूला आमची बोली येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती घरात आल्यापासून उत्तरेची भाषाच बोलत होती.

“पोरगी कशी वाटली?” दादानं बायकोला विचारलं, तसंच बोलीत.

“हाडापेरानं दणकट आहे. गोदीत हमाली मिळेल. पण सकाळी मी तिच्यानंतर मोरीत गेले, बाई गं! हे लोक आंघोळ वर्षातून एकदाच करतात वाटतं.”

सूयिनताईला बोली कळत होतीच, तिची ती मातृभाषा. ती मान खाली घालून व्हिनेगरमध्ये आलं टाकत होती. म्हणाली, “वहिनी, तिला लवकर शिकवीन मी सगळं. कामाला वाघ आहे ती. तुमचं धुणंभांडी सगळं करील.”

“करील की,” वहिनी गोड आवाजात म्हणाली.

मग दादा ईहूकडे वळला आणि उत्तरेच्या भाषेत म्हणाला, “काय ग भाचे, खाल्लायस कधी?”

“नाही मामा.”

“मग ऐक. मधोमध धरायचा, आख्खा तोंडात टाकायचा, ओठ मिटायचे आणि एकदम चावायचा. ही इथली रीत. तोंड उघडलं तर यजमानाचा अपमान होतो. आणि आज आजोबांची सत्तरी आहे, लक्षात ठेव.”

आमच्याकडचं दोन वर्षांचं पोरसुद्धा सांगेल की आधी बाओला कोपऱ्यात बारीक भोक पाडायचं, रस्सा चोखायचा, मग खायचा. आत उकळती चरबी असते. ईहूनं आईकडे पाहिलं. पोरीनं तर झोपताना हजारदा ऐकलं असणार कसा खातात ते.

ताईनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बाबा सकाळपासून बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत, नुसतं पाहिलं. ताईनं तोंड मिटलं.

ईहूनं बाओ तोंडात टाकला आणि चावला.

आधी काही झालं नाही. मग तिचे डोळे मोठे झाले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिनं ओठ मिटून धरले होते. चेहरा लाल, मग काळपट. ओठांच्या कोपऱ्यातून केशरी तेल हनुवटीवर आलं आणि पिवळ्या स्वेटरवर उतरलं. तिनं ते सगळं गिळलं. घशातून खाली जाताना तिचा हात टेबलाच्या कडेला असा आवळला होता की बशा वाजल्या.

दादा टेबलावर थाप मारून हसला. वहिनीला हसता हसता ठसका लागला. पाठीमागे उभे असलेले लोकही हसले, कुणीतरी म्हणालं, “खेड्यातून आणलीय वाटतं!” मी हसले. बाबांच्याही ओठांना मुरड पडली.

आणि मग, थोडं उशिरानं, सूयिनताई हसली. ती आमच्याकडे बघत हसली, एकेकाच्या तोंडाकडे बघत, आपलं हसणं आमच्यात मिसळतंय ना हे चाचपत. ईहू आईकडे बघत होती. तिनं हनुवटी पुसली नाही.

“घ्या, आता शांघायची झाली ती,” दादा म्हणाला. तो अजून हसतच होता. हसता हसता त्यानं आतल्या खिशातून एक कागद आणि लाल शाईची डबी काढली. “ताई, एवढं एक उरकून टाकू. मग नावाचं बघू.”

कागदावर चार ओळी होत्या. बाबांच्या जागेवर माझा आणि माझ्या मुलांचा कसलाही हक्क राहिलेला नाही, पुढेही सांगणार नाही.

ताईनं दोनदा वाचला. “माझ्या मुलांचा म्हणजे?”

“अगं, नाव लावणं वेगळं आणि हक्क वेगळा. हक्क सोडलास की तिचं नाव लावायला कुणाची हरकत राहील? मियावचुनच्या जिवालाही बरं. घरात भांडण नको. रुईफेन, सांग की हिला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईसुद्धा.

“बरोबर आहे दादा म्हणतो ते,” मी म्हणाले.

तिचा माझ्यावर विश्वास होता. लहानपणी माझी वेणी तीच घालायची. तिनं सही केली, अंगठा लाल करून उमटवला आणि तो कुठे पुसावा ते न कळून हवेत धरून बसली. दादानं कागदावर फुंकर मारली, घडी घातली, खिशात ठेवली.

“मग उद्या जायचं का पोलीस चौकीत?” ताईनं विचारलं. “बाबा, तुम्हाला यावं लागेल. पुस्तक तुमच्या नावावर आहे. लांब नाही, मी धरून नेते तुम्हाला.”

बाबांनी व्हिनेगरची बशी बाजूला सारली.

“कशाला?” ते म्हणाले. “तूच आत्ता लिहून दिलंस की तुझ्या मुलांचा घराशी संबंध नाही म्हणून. रुईफेनच्या पोराचं नाव लावायचं ठरलंय.”

ताईला आधी कळलंच नाही. ती हसत होती, तशीच थोडा वेळ राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी करंडीतला बाओ उचलायला गेले, तर तो फाटला आणि सगळा रस्सा करंडीतल्या फडक्यात गेला.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “एकोणसत्तर साली मी मासळीच्या रांगेत उभी होते. तिकडे तुम्ही घरचं पुस्तक घेऊन चौकीत गेलात आणि माझं नाव खोडून आलात. मला विचारलंसुद्धा नाही. मला तेव्हाच कळलं होतं. एकवीस वर्षं मी कधी तोंडातून काढलं नाही.”

“मग?” बाबा म्हणाले. “एकाचं तर खोडायचंच होतं. मुलाचं खोडू?”

ताईच्या मागची जाडी बाई वाकून म्हणाली, “झालं असेल तर उठा ना हो. आम्ही कधीचे उभे आहोत.”

“उठतोच,” वहिनी म्हणाली आणि उरलेले बाओ डब्यात भरायला लागली.

तेव्हा ईहू बोलली. घसा पोळलेला, त्यामुळे आवाज घोगरा होता, पण बोली स्वच्छ. आमची, गल्लीतली, तीही जुन्या वळणाची, आमची आई बोलायची तशी. “मामी, मोरीत तुमच्याआधी मी नव्हते गेले. आजोबा गेले होते.”

वहिनीच्या हातातली काडी खाली पडली. कुणी हसलं नाही. ताई मुलीला दंडाला धरून उठली, आणि आम्ही उठायच्या आत त्या जाड्या बाईनं ताईच्या खुर्चीत बूड टेकलं.

मी त्यांच्यामागे बसथांब्यापर्यंत गेले. का, ते मला माहीत नाही. बहुधा ताई मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी दोन पावलांवर उभी होते, दोघींनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

ईहू म्हणाली, “तुला सगळं कळत होतं. मलाही कळत होतं. तू सांगितलं होतंस ना, बोली येते हे एवढ्यात दाखवू नकोस, त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ. आणि कसा खायचा ते तर मला तीन वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.”

“मग खाल्लास कशाला तसा?”

“तू थांबवशील म्हणून वाट बघत होते.”

ताई बस येते का ते बघायला लागली.

“त्यांनी फसवलं ते जाऊ दे. तू का हसलीस?”

ताईनं तिच्या थोबाडीत मारली. भर रस्त्यात, लाल अंगठ्याच्या हातानं. पोरीच्या गालावर डाग उमटला. मग ताई खाली फुटपाथवर बसली आणि डोकं गुडघ्यांत घालून हुंदके द्यायला लागली. ईहू उभीच होती. तिनं आईला हात लावला नाही. बस आली तेव्हा म्हणाली, “ऊठ,” आणि चढली.

त्याच दिवशी त्यांनी बोचकी बांधली आणि स्टेशनवर जाऊन बसल्या. गाडी दुसऱ्या दिवशीची होती. त्यांना पोचवायला कुणी गेलं नाही.

पंचाण्णव साली गल्ली पाडली. माझ्या लेकाच्या नावावर आम्हाला चौथ्या मजल्यावर एक खोली जास्त मिळाली, उत्तरेकडची, पण खिडकी असलेली. दादा-वहिनीला दोन खोल्या मिळाल्या. बाबांची कॉट त्यांनी स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत टाकली. मी रविवारी जायचे. वहिनी त्यांना पातळ पेज द्यायची आणि दार लावून घ्यायची, वास येतो म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत ते एकच नाव घ्यायला लागले. माझं नाही, दादाचं नाही. सूयिन, सूयिन. दादा वैतागला. “मरू दे पण गप्प बसू दे,” म्हणाला आणि मला तार करायला लावली. मी लिहिलं, बाबा अखेरचे, तुला बोलावतात, लगेच ये.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. खाली नाव ईहूचं होतं. ‘आई शेतावर आहे. वेळ नाही.’

मी म्हटलं, दादा, त्यांना सांगू की ती निघालीय, वाटेत आहे. दादानं माझ्या हातातून तार घेतली, गॅलरीत गेला आणि बाबांना जशीच्या तशी वाचून दाखवली. मग बाबांना कमी ऐकू येतं म्हणून कानाशी तोंड नेऊन पुन्हा एकदा, मोठ्यानं.